तुम्ही सांगाल ती

घर घेताना माणसं काय काय विचारतात याची मला आता सवय झाली आहे. शाळा कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये येते, दार पूर्वेला आहे का, एचओए, म्हणजे वसाहतीची सोसायटी, वर्षाला किती घेते, मागच्या घराची वरची खिडकी आपल्या अंगणात डोकावते का, आणि आईबाबा सहा महिने राहायला आले तर त्यांना खालच्या मजल्यावर खोली आहे का. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्रॉस्पर, मॅकिनी या पट्ट्यात मी घरं विकते. माझ्या मराठी गिऱ्हाइकांनी मला आजवर सगळं विचारलंय, फक्त टायटल कंपनी, म्हणजे घराची मालकी तपासून तिचा विमा देणारी कंपनी, कुठली घ्यायची हे कुणी आपणहून विचारलेलं आठवत नाही. करारात त्या कंपनीचं नाव भरावं लागतं, म्हणून विषय मीच काढते. आणि ठरलेलं उत्तर येतं, "ताई, तुम्ही सांगाल ती."

टेक्ससमध्ये टायटल विम्याचा हप्ता राज्याचं विमा खातं ठरवतं. घराची किंमत सांगितली की हप्ता ठरला, मग कुठल्याही कंपनीच्या दारात जा. एस्क्रो फी (व्यवहाराचे पैसे सांभाळण्याची), कुरियरचे पैसे वगैरे थोडं इकडेतिकडे होतं, पण त्यावरून कुणी कंपनी निवडत नाही. भाव करायची सोयच नसल्यामुळे गिऱ्हाईक तो विषय एजंटवर सोडून मोकळं होतं. आणि एजंट? ऑफिस रस्त्यात पडतं, तिथली बाई गोड बोलते, दिवाळीच्या कार्यक्रमाला त्यांनी बॅनर लावला होता, मागच्या वेळी सगळं नीट पार पडलं. बहुतेकांकडे याहून बरी कारणं नसतात. "नीट पार पडलं" हे तर सगळ्यांत फसवं कारण. ज्या व्यवहारात काही भानगडच नव्हती, तो कुणाकडेही नीट पार पडला असता.

माझा चुलतभाऊ नाशिकला हाच धंदा करतो. त्याला टायटल कंपनी ही काय चीज आहे हे समजावताना मला स्वतःलाच पुष्कळ काही उमगलं. तो म्हणाला, आमच्याकडे वकील असतो. तो 30 वर्षांचा सर्च घेतो, सातबारा, फेरफार, इंडेक्स टू बघतो, पेपरात जाहीर नोटीस देतो आणि लिहून देतो की टायटल क्लिअर आहे. मी विचारलं, आणि नंतर कुणी तिसराच वारस उभा राहिला तर? तो म्हणाला, मग कोर्ट. वकिलाने मत दिलेलं असतं, जामीन थोडाच राहिलाय तो? नव्या प्रोजेक्टमध्ये रेराच्या कलम 18 प्रमाणे मालकी हक्कातल्या दोषाची भरपाई बिल्डरने द्यायची आणि तिथे मुदतीची सबब चालत नाही. कलम 16 मध्ये टायटल विम्याचीही तरतूद आहे, पण राज्य सरकारने अधिसूचना काढली की मगच ती सक्तीची. जुन्या वाड्याला, मोकळ्या प्लॉटला त्याच्या शब्दांत "वकील आणि नशीब".

मुळातली अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. दुय्यम निबंधकाकडे काय किंवा इथल्या काउंटी क्लार्ककडे काय, नोंद होते ती दस्ताची. हा माणूस खरोखर मालक आहे याची हमी सरकार घेत नाही. इथे ती हमी खासगी कंपन्या विकतात, आणि ती विकायची वेळ का आली याची गोष्ट फिलाडेल्फियाची आहे. वॉटसन नावाच्या माणसाने म्यूरहेड नावाच्या दस्त तयार करणाऱ्यामार्फत मालमत्ता घेतली. म्यूरहेडला नोंदी तपासताना आधीच्या मालकाविरुद्धचे काही निवाडे दिसले होते. त्याने वकिलाला विचारलं, वकील म्हणाला यांचा बोजा मालमत्तेवर बसत नाही, आणि म्यूरहेडने व्यवहार पुढे नेला. बोजा बसला. वॉटसनचे पैसे गेले. 1868 मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की म्यूरहेड वकिलाच्या मतावर विसंबला, त्याने निष्काळजीपणा केलेला नाही, सबब तो देणं लागत नाही. कुणाचीच चूक नाही आणि घेणारा मात्र बुडाला. त्यानंतर तिथल्या विधिमंडळाने 1874 मध्ये कायदा केला आणि 1876 मध्ये फिलाडेल्फियातच पहिली टायटल विमा कंपनी निघाली. माझ्या चुलतभावाला म्यूरहेड फार जवळचा वाटला. "आमच्याकडे असे रोज भेटतात," म्हणाला.

या विम्याची रीत मात्र उलटी आहे. गाडीचा विमा पुढे होणाऱ्या अपघाताचा असतो, टायटलचा विमा मागे होऊन गेलेल्या गोष्टींचा. हप्ता एकदाच भरायचा आणि घर तुमच्या किंवा तुमच्या वारसांच्या मालकीचं आहे तोवर संरक्षण. कंपनीचा पैसा भरपाईपेक्षा शोधण्यात आणि निस्तरण्यात जास्त जातो. जुना बोजा सापडला तर तो फेडून घ्यायचा, सही राहिली असेल तर आणायची, आणि मगच पॉलिसी द्यायची. पाटीवर नाव स्थानिक एजन्सीचं असतं आणि मागे जोखीम घेणारी मोठी कंपनी असते. त्यांतली एक, स्टुअर्ट, 1893 मध्ये इथेच टेक्ससमध्ये, गॅल्व्हस्टनला सुरू झाली. माझ्यासारखीचा संबंध येतो तो एजन्सीतल्या एस्क्रो ऑफिसरशी. खरेदीदाराचा विसार तिच्याकडे जमा होतो, बँकेचं कर्ज तिच्याकडे येतं, सह्या तिच्या टेबलावर होतात, विकणाऱ्याला पैसे ती पाठवते. एका घराचे सगळे पैसे काही तास तिच्या खात्यात असतात. आणि अशा माणसाची निवड आपण डोनट बघून करतो!

डोनटचं सांगायलाच हवं. टायटल कंपन्यांचे मार्केटिंगवाले आमच्या ऑफिसात येतात. येताना खाऊ आणतात, पेनं, वह्या, कॅलेंडरं आणतात, फुकट क्लास घेतात. याच्या पुढे त्यांना फारसं जाता येत नाही, कारण घरखरेदीच्या व्यवहारांवरच्या 1974 च्या रेस्पा कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे गिऱ्हाईक पाठवल्याच्या मोबदल्यात काहीही किमतीची वस्तू देणं-घेणं गुन्हा आहे. दंड 10,000 डॉलरपर्यंत, वर एक वर्षापर्यंत तुरुंग. साधी जाहिरात चालते, शिकवणं चालतं, मात्र ते काम पाठवण्याच्या अटीवर नको आणि एजंटचा स्वतःचा धंद्याचा खर्च त्यातून भागायला नको. कायदा चांगला आहे. पण कायद्याने पाकीट थांबतं, भीड थांबत नाही. तीन वर्षं ज्यांचा नाश्ता खाल्ला, त्यांना "तुमचे कागद उशिरा आले" असं सांगताना जीभ जड होते. आपण मराठी माणसं तर खाल्ल्या मिठाला जरा जास्तच जागतो. म्हणून मी खाऊच्या वेळी आताशा बाहेरची कामं काढते. ऑफिसात मला तुसडी म्हणतात, म्हणोत.

नव्या बांधकामात आणखी एक गंमत असते. मोठ्या बिल्डरांची स्वतःची किंवा भागीदारीतली टायटल कंपनी असते, कर्ज देणारीही असते. आमचा कर्जवाला आणि आमची टायटल घेतलीत तर क्लोजिंगच्या, म्हणजे सह्या होऊन व्यवहार पुरा होतानाच्या, खर्चासाठी इतके हजार देऊ, असं ते सांगतात. नात्यातली कंपनी आहे हे लेखी सांगितलं की असं आमिष कायद्यात बसतं. मात्र अमुक कंपनीचाच टायटल विमा घ्या नाहीतर घर मिळणार नाही, अशी सक्ती विकणाऱ्याला करता येत नाही. रेस्पाचं नववं कलम तिथे विम्याच्या खर्चाच्या तिपटीची जबाबदारी टाकतं. गिऱ्हाइकाला मी दोन्ही आकडे समोर ठेवून दाखवते आणि बहुतेक लोक बिल्डरचीच घेतात. त्यात चुकीचं काही नाही, पैसे खरे असतात. फक्त त्या टेबलावरची एस्क्रो ऑफिसर वर्षभर ज्याचं काम करते तो माणूस समोरच्या बाजूला बसलेला आहे, एवढं आपण लक्षात ठेवायचं आणि कागद जरा जास्त सावकाश वाचायचे.

मग चांगली टायटल कंपनी ओळखायची कशी? माझ्यापुरतं उत्तर मला सापडलं आहे. वाईट बातमी ती किती लवकर सांगते, हे बघायचं.

वाईट बातमी जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये असते. आमच्या राज्याच्या छापील करारात टायटल कमिटमेंट, म्हणजे कुठल्या अटींवर विमा देऊ ते सांगणारा कागद, द्यायला कंपनीला करार हाती पडल्यापासून 20 दिवस असतात, आणि तेवढ्यात झालं नाही तर मुदत आपोआप वाढते. कमिटमेंटचे चार भाग. ए मध्ये मालक कोण, मालमत्ता कुठली. बी मध्ये विम्यातून काय काय वगळलंय. डी मध्ये हप्त्याचा वाटा कुणाकुणाला जातो, आणि हे पान कुणी वाचत नाही, वाचावं. सगळी मेख सी मध्ये असते. पॉलिसी देण्याआधी काय काय पुरं करायला हवं त्याची ती यादी. फेडलेल्या कर्जाच्या मुक्ततेची नोंद नाही, एचओएची थकबाकी आहे, आधीच्या मालकाच्या मृत्युपत्राचे कागद हवेत. काही ऑफिसर हा कागद ईमेलला चिकटवून पाठवतात आणि त्यांच्या मते काम संपतं. काही जणी फोन करून म्हणतात, सी मधला पाचवा मुद्दा तुझ्या माणसाला आजच विचार. दोघींचा हप्ता सारखा.

बी मधल्या अपवादांचीही तीच कथा. इथे जमिनीखालच्या तेलावायूचे हक्क कित्येकदा पिढ्यांपूर्वी घरापासून वेगळे विकले गेलेले असतात. जमीन तुमची, खालचं तेल भलत्याचंच. आपल्या मंडळींना याचा धक्का बसतो, पण रोजच्या राहण्यात त्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते परसातल्या युटिलिटीच्या पट्ट्याने. मागच्या कुंपणापासून काही फूट वीजवाल्यांचा, पाणीवाल्यांचा हक्क राखलेला असतो आणि नेमका तिथेच गिऱ्हाइकाला स्विमिंग पूल हवा असतो. कमिटमेंट आणि सर्व्हेचा नकाशा लवकर हातात आला तर हरकत घ्यायला मुदत मिळते. शेवटच्या आठवड्यात आला तर पूल विसरा.

आपल्या लोकांच्या फाइलींत वाईट बातमीचे काही खास प्रकार असतात. पहिला नावांचा. इथलं कॉम्प्युटर नावावरून निवाडे शोधतं, थकलेला कर शोधतं, पोटगीची थकबाकी शोधतं. आता जोशी, पाटील, देशमुख ही आडनावं आणि मधलं नाव कुठे आहे कुठे नाही. भलत्याच गावातल्या भलत्याच जोशींचं क्रेडिट कार्डाचं देणं आपल्या जोशींच्या नावासमोर येऊन बसतं. मग तो मी नव्हेच, असं प्रतिज्ञापत्र. बायकांचं तर विचारू नका. माहेरचं नाव डिग्रीवर, सासरचं पासपोर्टवर, मधे वडिलांऐवजी नवऱ्याचं नाव, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं असलं तर एकाच बाईची दोन माणसं झाली. समजूतदार ऑफिसर सुरुवातीलाच विचारते की आजवर कुठल्या कुठल्या नावाने सही केली आहे. एकीने एका काकूंना क्लोजिंगच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, तुम्ही नक्की कोण असं विचारलं होतं. काकू चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि त्या कंपनीत पुन्हा फाइल नेली नाही.

दुसरा प्रकार, लग्नाचा. टेक्ससमध्ये राहतं घर विकायला नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, दस्तावर नाव एकट्याचं असलं तरीसुद्धा. आता नवरा इथे आणि बायको सासूच्या आजारपणासाठी पुण्यात, हे आपल्याकडे नवीन नाही. कुलमुखत्यारपत्र करायचं तर ते याच मालमत्तेचा उल्लेख असलेलं हवं, मसुदा टायटल कंपनीला आधी दाखवलेला हवा, आणि पुण्याच्या नोटरीपुढे केलं तर वर अपोस्टील, म्हणजे परराष्ट्र खात्याचा शिक्का, हवं. नाहीतर मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत वेळ मिळवायची आणि एका शिक्क्याला 50 डॉलर मोजायचे. ऑनलाइन नोटरी टेक्ससमध्ये 2018 पासून चालते, पण सही करणारी व्यक्ती परदेशात असेल तर एजन्सीच्या पाठीशी जोखीम घेणाऱ्या विमा कंपनीची मान्यता लागते, आणि खरेदीदाराच्या बँकेची कधी कधी वेगळीच तऱ्हा असते. हे सगळं जमतं. फक्त "विकणारा विवाहित आहे का" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला गेला पाहिजे.

आणि तिसरा प्रकार, ज्याच्यामुळे मी टायटल कंपन्यांकडे नीट बघायला लागले. एक जोडपं एच-वन-बीवर इथे आलं, घर घेतलं, ग्रीन कार्डाची वाट बघून कंटाळलं आणि पुण्याला परत गेलं. घर भाड्याने दिलं होतं, काही वर्षांनी विकायला काढलं. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की आपण इथे प्रामाणिकपणे कर भरलेला आहे, आपला सोशल सिक्युरिटी नंबर आहे, तेव्हा आपण काही परके नाही. करखात्याच्या लेखी मात्र ते आता परदेशी विक्रेते होते. परदेशी माणसाने घर विकलं की फर्प्टा नावाच्या कायद्याखाली विक्रीच्या किमतीतून 15 टक्के कापून करखात्याकडे भरावे लागतात. नफ्याचे नव्हेत, पूर्ण किमतीचे. विकत घेणारा स्वतः राहणार असेल आणि किंमत 3 लाखांपर्यंत असेल तर काहीच कापत नाहीत; 3 लाखांच्या वर 10 लाखांपर्यंत 10 टक्के. समजा घर 6 लाख डॉलरचं. राहणारा खरेदीदार मिळाला तर 60,000, गुंतवणूकदार मिळाला तर 90,000. पुढे विवरणपत्र भरून जास्तीचे परत मिळतात, पण त्या पैशावर पुण्यात फ्लॅटचा विसार देऊन बसलेल्या माणसाला "पुढे" परवडत नाही.

यावर वाट आहे. खरा कर कमीच होणार असेल तर क्लोजिंगच्या आधी करखात्याकडे 8288-बी हा अर्ज करायचा. मग ती रक्कम लगेच खात्याकडे न पाठवता निर्णय येईपर्यंत टायटल कंपनीच्या एस्क्रोत ठेवता येते, आणि निर्णय आला की 20 दिवसांत त्याप्रमाणे भरणा करायचा. अर्ज नसेल तर क्लोजिंगपासून 20 दिवसांत पैसे गेले. सगळा फरक वेळेचा. त्या फाइलवरच्या एस्क्रो ऑफिसरने करार हाती पडला त्याच दुपारी मला फोन केला. म्हणाली, विक्रेत्याचा पत्ता भारतातला दिसतोय, मी कर सल्ला देऊ शकत नाही, पण त्यांना आजच्या आज सीपीए, म्हणजे इथला सीए, गाठायला सांग, आणि पैसे कुठल्या खात्यात हवेत तेही विचार, आम्ही परदेशी बँकेत वायर करत नाही. त्या जोडप्याने इथलं खातं बंद करायला टाकलं होतं! रात्री साडेनऊला, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी फोन केला आणि ते थांबवलं. अर्ज वेळेत गेला.

त्याच सुमाराला ओळखीच्या एका एजंटच्या फाइलमध्ये हाच प्रश्न क्लोजिंगच्या आदल्या दिवशी निघाला. "तुम्ही परदेशी नाही असं लिहिलेल्या या कागदावर सही करा," एवढंच ऑफिसरने ईमेलमध्ये म्हटलं होतं. विक्रेता सही करून टाकणारच होता. सगळ्या कागदांवर करतोय, त्यात हा एक. खोटं आहे हे माहीत असून गप्प बसलेल्या एजंटवरही त्याच्या कमिशनएवढी जबाबदारी येऊ शकते, हे कळल्यावर माझ्या त्या मैत्रिणीची झोप उडाली. व्यवहार लांबला, खरेदीदाराचा कर्जाचा दर कुलूपबंद केलेला होता त्याची मुदत संपली, भांडणं झाली. ती कंपनी आजही चालते. ऑफिस सुंदर आहे, कॉफीचं यंत्र इटालियन आहे.

पैशाच्या वायरबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आवरते. क्लोजिंगच्या दोन दिवस आधी, हुबेहूब एस्क्रो ऑफिसरच्या नावाने, खात्याचा नंबर बदललाय असा ईमेल येतो आणि माणसं आयुष्याची पुंजी चोराला पाठवतात. तेव्हा माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत. हे कंपनी स्वतः, पहिल्या भेटीत, तोंडी सांगते का ते मी बघते. ईमेलच्या तळाशी लाल अक्षरांत सगळेच लिहितात. डाउन पेमेंटचा काही भाग पुण्याहून आईवडील पाठवणार असतील तर आणखी जपावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिकडे टीसीएस नावाचा कर कापला जातो, इथे बँकेला देणगीचं पत्र लागतं, आणि पैसे यायला मधल्या बँकांमुळे दिवस लागतात. कुठल्या नावावरून पैसे आलेले चालतील, हे आधीच लिहून देणारी कंपनी मला आवडते.

उलट्या बाजूची चोरीही वाढली आहे. मालक परदेशात, प्लॉट मोकळा, त्यावर कर्ज नाही. असा प्लॉट हेरून चोर मालक बनून एजंटला ईमेल करतो, मला घाईने विकायचाय, भेटायला येता येणार नाही. आपल्या लोकांनी इथे प्लॉट घेऊन ठेवलेत आणि ते परत गेलेत, त्यामुळे ही भीती काही लांबची नाही. चांगली कंपनी अशा वेळी मालमत्ता कराच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावर मालकाला साधं पत्र पाठवते. जुनाट उपाय आहे, पण चोराला तो पत्ता सहजी बदलता येत नाही.

वर्ष संपत आलं की मी आताशा झालेल्या फाइली काढून बसते. कमिटमेंट कधी आली. अडचण आधी कुणी कुणाला सांगितली, त्यांनी मला की मी त्यांना. कर्जावरच्या खरेदीत खर्चाचा अंतिम तक्ता तीन कामाचे दिवस आधी गिऱ्हाइकाच्या हातात पडावा लागतो, हा 2015 पासूनचा नियम आहे. त्यातले त्यांचे आकडे बँकेला वेळेवर गेले का. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी फोन कुणी उचलला. ऑफिसर रजेवर असताना फाइल कुणाकडे होती, आणि त्या माणसाला फाइलमधलं काही माहीत होतं का. नोंद झालेला दस्त आणि पॉलिसी गिऱ्हाइकाला पोचली का, की मला मागे लागून मागवावी लागली. 2023 च्या शेवटी एका मोठ्या टायटल समूहावर सायबर हल्ला झाला आणि देशभर क्लोजिंग अडकली, तेव्हापासून एक प्रश्न वाढवलाय: तुमची यंत्रणा उद्या बंद पडली तर माझ्या माणसाचे पैसे कुठे असतील? या प्रश्नाला हसणाऱ्यांकडे मी जात नाही.

गुण देऊन तक्ता करायचा प्रयत्नही मी केलाय. तो फार काही सांगत नाही, कारण काही गोष्टी आकड्यात येतच नाहीत. उच्चार समजला नाही तर ऑफिसर गिऱ्हाइकाशी बोलायचं थांबून माझ्याकडे बघायला लागते का? सत्तरीच्या वडिलांना, ज्यांच्या नावावर घर होतंय त्यांना, समोर बसवून समजावते की सगळं मुलाला सांगते? टायटल कंपनी दोन्ही पक्षांची असते, एकाची वकील नसते. म्हणून मला सोयीचं ते करणारी कंपनी मला थोडी संशयास्पद वाटते. मी एकदा विसाराच्या वादात माझ्या बाजूने पटकन सोडवा म्हणून गळ घातली, तेव्हा ऑफिसर शांतपणे म्हणाली की दोघांच्या सह्या येईपर्यंत एक डॉलरही हलणार नाही. त्या दिवशी राग आला. त्यानंतरच्या वर्षी माझ्या सर्वांत जास्त फाइली तिच्याकडे गेल्या.

ही तीच, फर्प्टावाली. गेल्या वसंतात तिने कंपनी बदलली. धंद्यात हे सतत होतं, आणि एजंट मुकाट्याने मागोमाग जातात, कारण नातं कंपनीशी नसतंच, माणसाशी असतं. मी तिच्या नव्या ऑफिसात गेले आणि जरा विचारपूस केली. नोंदी तपासणारी माणसं इथेच बसतात की दुसऱ्या राज्यात? ती आजारी पडली तर कोण? ती म्हणाली, अजून मलाच नीट माहीत नाही. हे तिने खरं सांगितलं, म्हणून तिच्यावरचा विश्वास वाढला आणि त्या कंपनीवरचा बसला नाही. सध्या मी दोन्हीकडे फाइली पाठवते. तिला ते थोडं लागलंय, पण ती बोलत नाही.

जुन्या ऑफिसात तिच्या खुर्चीवर एक तरुण मुलगा आलाय. मराठी आडनावाचा त्याने पार चुराडा केला आणि मग उच्चार विचारून कागदावर लिहून घेतला. काल त्याचा फोन आला. मॅकिनीच्या एका घरावर 2009 चं एक छोटं दुसरं कर्ज नोंदीत दिसतंय, विक्रेता म्हणतो कधीच फेडलं, मुक्ततेची नोंद नाही, आणि ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालीय. कागद शोधायला वेळ लागेल, विक्रेत्याला जुने चेक शोधायला सांगा. क्लोजिंगला अजून महिना आहे.